बाकीच्यांच्या बाई

"जूनपासून मी मिरजेला आत्याकडं राहणार. तिथल्याच शाळेत जाणार," मिनू म्हणाली. "आईला तू सांग बाबा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी अंगणात ड्रोनची टाकी धूत होतो. उसावर ड्रोननं औषध मारून देणं हा माझा धंदा. वाऱ्याचा अंदाज घेणं, विजेच्या तारा चुकवणं, दुसऱ्याच्या रानात थेंब सांडू न देणं, हे मला बरं जमतं. पण तेरा वर्षांची पोरगी समोर उभी राहून असं काही बोलली की माझा पार गोंधळ उडतो. मी नळ बंद केला.

"का गं? मिरजेत काय सोनं लागलंय?"

"तिथं बाई नसतील."

बाई म्हणजे तिची आई, माझी बायको स्नेहल. आता दोन हजार एक्केचाळीस साल उजाडलं, गावोगावच्या शाळांत मॅडम, टीचर आणि काय काय झालं, पण गडहिंग्लजजवळच्या आमच्या शाळेत बाई त्या बाईच राहिल्या. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना गणित शिकवणाऱ्या शिंत्रे बाई. आणि शिक्षकाचं मूल त्याच शाळेत असलं की जो नियम कुणी न सांगता लागू होतो, तो आमच्याकडेही होता. शाळेच्या फाटकात आई संपली, बाई सुरू. मिनू आईला तिथं "अहो बाई" म्हणायची आणि स्नेहल तिला "शिंत्रे, उभी राहा" म्हणायची.

एवढं सगळीकडेच असतं. पण मिनू पाचवीत असताना तिला गणितात पैकीच्या पैकी गुण पडले, आणि पालकसभेत एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, "पडणारच की. पेपर घरातच काढला, घरातच सोडवला." सभा हसली. स्नेहल त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. पुढच्या वर्षी मिनूचा बाक सगळ्यात मागे गेला. तिचा वर आलेला हात बाईंना दिसेनासा झाला. दुसऱ्या कुणी कंपास विसरला तर बाई स्वतःचा देत, मिनू विसरली तर वर्गाबाहेर. घरी आल्यावर पुन्हा जेवणाच्या टेबलावर वह्यांची तपासणी. मी एकदोनदा बोलून पाहिलं. "तुम्हाला नाही कळायचं, लोक टपून बसलेत," असं म्हणून तिनं मला गप्प केलं, आणि मी झालो. भांडणात माघार घ्यायला मला फारसे कष्ट पडत नाहीत.

तर आता पोरगी मिरजेला निघाली होती आणि ते तिच्या आईला मी सांगायचं होतं. सांगतो म्हणालो. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी मला कुठल्या तरी ड्रोनचा पंखा घासायची आठवण व्हायची.

आता पाठराखीण नावाच्या ॲपबद्दल सांगायला हवं. सगळं रामायण तिथूनच घडलं.

पूर्वीची शिकवणारी ॲप साऱ्या राज्याला एकाच आवाजात एकच धडा देत. पोरं दोन दिवस ऐकत आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेट लावत. पाठराखीण वेगळी होती. बाईंच्या ओळखपत्राला बटणाएवढा माइक असतो, तो वर्षभर वर्गात ऐकतो. शब्द ऐकतोच, पण शब्दांच्या मधलंही ऐकतो. प्रश्न विचारल्यावर या बाई किती वेळ थांबतात, पोरगं चुकलं तर बरोबर उत्तर सांगून टाकतात की उलटा प्रश्न करतात, कुठल्या चुकीला भाकरीचं उदाहरण देतात आणि कुठल्या चुकीला एस.टी.चं. यातून त्या एका माणसाच्या शिकवण्याच्या रीतीचा साचा तयार होतो. तो साचा आवाजासकट मुलांच्या मोबाइलमध्ये उतरतो. सगळं मोबाइलच्या आतच चालतं, त्यामुळे पोरांचं बोलणं बाहेर जात नाही.

बाहेर जातं ते एकच. यंत्राची स्वतःच्या उत्तराबद्दल खात्री नसेल, तर तो प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव काढून, बाईंच्या मोबाइलवर 'दुरुस्ती' नावाच्या पानावर येतो. बाईंनी तिथं उत्तर टाइप केलं की यंत्र ते पोराला त्यांच्याच आवाजात सांगतं आणि पुढच्यासाठी शिकून ठेवतं. उत्तर लागू पडलं का हे कळावं म्हणून त्या मुलाचं पुढचं बोलणंही काही दिवस त्याच पानावर येत राहतं. यंत्र बोललं की बाई बोलल्या, हे पोराला मात्र कळत नाही.

स्नेहलनं या ॲपचं जे काही केलं, ते बनवणाऱ्यांच्याही डोक्यात नसेल. तिनं त्याला मठ्ठ विद्यार्थी व्हायला लावलं. शिकवायचं पोरांनी, शिकायचं मोबाइलनं. मोबाइल बिनदिक्कत सांगे, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश. पोरं डोक्याला हात लावत. "अरं, अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि अर्ध्याहून कमी झाली? मधल्या मधी कुणी खाल्ली?" असा वर्गभर आरडाओरडा चाले, आणि त्या गोंगाटात न सांगता सगळ्यांना अपूर्णांक येऊन जात. आठवड्याच्या बाजारात तिनं पोरांना मिरचीच्या ढिगांचे फोटो काढून शंकूचं घनफळ काढायला लावलं. मिरचीवाल्या आजीनं आधी हाकललं, मग स्वतःच विचारू लागली, "व्हय गं, माझ्या ढिगात किती आलं?" दुसऱ्या तालुक्यांतले शिक्षक तिचा वर्ग बघायला येऊ लागले. मला तिचा अभिमान होता आणि आहे. फक्त दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो आमच्या ओसरीवर होता.

ओसरीवर मिनू रोज संध्याकाळी मोबाइल मांडीवर घेऊन बसे. आत स्वयंपाकघरात तिची आई आणि बाहेर मोबाइलमध्ये तिच्या आईचा आवाज. एकदा चहा द्यायला गेलो तेव्हा ऐकलं.

"चुकलं की बाई परत," मिनू म्हणत होती.

"चुकू दे की सोन्या," मोबाइलमधून स्नेहल म्हणाली. "कुठं चुकलं ते तूच शोध. मला घाई नाही."

सोन्या! वर्गात स्नेहल सगळ्यांना सोन्या म्हणते, हे मला पोरांकडून ठाऊक होतं. मिनूला म्हणालेलं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. पण यंत्राला काय माहीत, ही बाईंची पोरगी आहे म्हणून? ते वर्गात जे शिकलं तेच देत होतं, बाकीच्यांना देतं तेच. मिनू हसली आणि खोडरबर शोधू लागली. मला आनंद व्हावा की रडू यावं, समजेना.

त्यानंतर दोनेक दिवसांनी स्नेहलनं मला झोपायच्या खोलीत बोलावून घेतलं. ती पलंगावर बसली होती, चेहरा उतरलेला. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. दुरुस्तीच्या पानावर एक प्रश्न आला होता.

'बाई, एखाद्या मुलीच्या शाळेतपण बाईच असतील आणि घरातपण बाईच असतील, तर तिनं आई कुठं शोधायची?'

"नाव नाही," स्नेहल म्हणाली. "पण असं विचारणारी पोरगी आख्ख्या शाळेत एकच आहे."

"मग जा की भाईर. बसलीय बघ ओसरीवर."

"जाऊन काय बोलू? मला बघितलं की ती वही पुढे करते." तिनं प्रश्न पुन्हा वाचला. "अहो, मी विचारलं असतं तर तिनं हे मला सांगितलं असतं का?"

मी उशी उगाच सारखी केली. खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. ती मान खाली घालून टाइप करू लागली. तिनं काय लिहिलं ते मला ओसरीकडून ऐकू आलं, यंत्राच्या शांत आवाजात. "त्या मुलीला काय वाटतं, ते मला सांगशील का?"

"हे चोरटं काम हाय, स्नेहल," मी हळूच म्हणालो.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य टाइप करू लागली.

मग काही दिवस रोज संध्याकाळी आमच्या घरात एक विचित्र खेळ चालला. मायलेकींच्या मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे आई यंत्र होऊन बसलेली, पलीकडे लेक त्या यंत्राशी बोलत बसलेली, आणि मधल्या खोलीत मी, टीव्ही लावून, एक अक्षर न बघता. स्नेहल आपल्याच साच्याची नक्कल करत होती. टाइप करायची, मग स्वतःशी पुटपुटायची, "नाही, बाई असं म्हणणार नाहीत," आणि खोडायची. स्वतःच्या पोरीशी गोड बोलायला तिला स्वतःच्याच वर्गातल्या बाईंची उसनवारी करावी लागत होती. मला हसूही यायचं आणि तिची कीवही.

मिरजेचा विषय तिला असाच कळला. ओसरीवरून मिनू म्हणाली, "मी जूनला जाणार आहे. बाबाला सांगितलंय." खोलीच्या दारातून स्नेहलनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी टीव्हीचा आवाज वाढवला. तरी तिनं स्वतःला सावरून टाइप केलं, "हे आईला सांगून बघ ना."

"नको," मिनू म्हणाली. "आई ऐकून घेत न्हाई. आधी दुरुस्त करते."

त्या रात्री आमचं भांडण झालं. मी आधी का सांगितलं नाही म्हणून ती बोलली, ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "आता तर तुला कळलंय, मग तू का सांगत न्हाईस तिला, की तू हायस त्या मोबाइलमधी?" "सांगितलं तर ती माझ्याशी बोलायची बंद होईल," ती म्हणाली. "अजून दोन दिवस बोलू दे हो तिला." तालुक्यात नावाजलेली बाई स्वतःच्या पोरीचे दोन शब्द ऐकायला दोन दिवस मागत होती. मला फार वाईट वाटलं तिचं.

शुक्रवारी मिनूला खोकला झाला होता. ओसरीवर बसून ती आवंढे गिळत म्हणाली, "बाई, घसा पार बसलाय. उद्या तोंडी परीक्षा कशी द्यायची?"

स्नेहलनं क्षणाचाही विचार केला नाही. बोटं आपोआप चालली. आणि ओसरीवर यंत्र गोड आवाजात म्हणालं, "हळदीचं दूध घे. साय काढून देते."

घात झाला. यंत्राच्या घरी कुठली म्हैस आणि कुठलं दूध! आणि दुधावर सायीचा कण जरी दिसला तरी मिनूला उमासा येतो, हे आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही. कुठल्या साच्यात ते असणार? स्नेहलला अजून काही कळलं नव्हतं, ती पुढच्या उत्तराची वाट बघत होती. मिनूनं मोबाइलकडे बघितलं. मग आईच्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी घाईघाईनं पंख्याकडे बघायला लागलो, म्हणजे उरलीसुरली शंकाही मीच फेडली.

मला वाटलं, आता मोबाइल भिंतीवर आपटणार. पोरगी हलली नाही. मग बसलेल्या घशानं, पण एकेक शब्द सुटा करून, दारापलीकडेही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "बाई, एका मुलीची गोष्ट सांगू?"

"सांग," यंत्र म्हणालं.

"त्या मुलीला पाचवीत गणितात पैकीच्या पैकी पडले. तिनं पेपर आधी बघितला नव्हता. तिला माहीत होतं, तिच्या आईलापण माहीत होतं. लोक खोटं बोलले. मग आईनं लोकांना सोडून तिलाच शिक्षा का केली?"

लेकी बोले सुने लागे, ही म्हण आपण ऐकतो. इथं लेक यंत्राला बोलत होती आणि लागत होतं आईला. मी दाराच्या फटीतून आत बघितलं. स्नेहल लिहीत होती आणि खोडत होती. उत्तराला उशीर झाला की यंत्र आपणहून म्हणतं, तसं ते म्हणालं, "थांब हं, विचार करते." पुन्हा एकदा म्हणालं, "थांब हं." शेवटी उत्तर आलं.

"आई घाबरली होती."

"कुणाला?"

"मुलीला कुणी चोर म्हणेल, याला. म्हणून ती लोकांच्या आधी स्वतःच कडक झाली. मग तिला थांबताच आलं नाही."

"पण मुलीला बाकीच्यांच्या बाई हव्या होत्या," मिनू म्हणाली. "आणि घरी आल्यावर आई. दोन्हीतलं एक पण मिळालं न्हाई. म्हणून ती मिरजेला चाललीय."

मग खोलीचं दार उघडलं आणि स्नेहल बाहेर आली. केस सुटलेले, नाक लाल. तिचा आवाज त्या यंत्रासारखा अजिबात नव्हता, पार घोगरा झाला होता.

"मीच होते, मिनू. तुझं बोलणं मी चोरून ऐकलं. हे चुकलंच माझं," ती म्हणाली आणि ओसरीच्या फरशीवर बसली. "आता सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

आणि मिनूनं सगळं सांगितलं. कापलेला अर्धा गुण सांगितला, न दिसलेला हात सांगितला, सहलीच्या गाडीत सगळ्यांना खाऊ वाटून झाल्यावर तिच्यापाशी येऊन संपलेला डबा सांगितला. मला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. स्नेहलनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मिटलं. स्वतःची बाजू मांडायला तिच्याजवळ कारणं होती, ती मलाही माहीत होती. तिनं एकही दिलं नाही. मी आत जाऊन दूध तापवलं, साय काढली आणि मुकाट्यानं पेला नेऊन दिला. मिनूनं तो आईच्या मांडीला टेकून प्यायला.

मी मनात म्हटलं, सुटलो. पोरगी आता इथंच राहणार. तर स्नेहलच म्हणाली, "तू जा मिरजेला."

"अगं, काय बोलतीस?" मी ओरडलोच.

"नीट बोलतेय. ही इथं राहिली तर दहावीपर्यंत मी हिची बाई. मी आज कितीही ठरवलं तरी वर्गात पाऊल टाकलं की माझी मान हिच्यावरून दुसरीकडे वळते, सवयच पडलीय तिला. ती सवय मोडेपर्यंत हिची शाळा संपून जाईल. मिरजेत मी नुसती आई असेन. मला नुसती आई होऊन बघायचंय."

"तुला वाईट न्हाई वाटणार?" मिनूनं विचारलं.

"वाटणार. खूप वाटणार. तरी जा."

सोमवारी स्नेहलनं वर्गात सांगून टाकलं की काही उत्तरं यंत्राची नसतात, तिची स्वतःची असतात, आणि ॲप बनवणाऱ्यांच्या मागे लागून तिनं तशा उत्तरांना वेगळी घंटी लावून घेतली. पोरांनी चार दिवस दंगा केला आणि मग ती विसरली.

जूनमध्ये मी मिनूला जीपनं मिरजेला सोडून आलो. निघायच्या आधी तिनं मोबाइलमधून पाठराखीण काढून टाकली. "राहू दे की, कोण विचारतंय?" मी म्हटलं. "नको," ती म्हणाली. "ती इथल्या पोरांची हाय."

घर ओकंबोकं झालं. पहिला आठवडा आम्ही दोघं एकमेकांना जेवायला वाढत होतो आणि कुणीच जेवत नव्हतो. पण रोज संध्याकाळी फोन यायचा. बाबाची चौकशी दोन वाक्यांत उरकायची आणि मग फोन आईकडे. नवीन मैत्रीण, आत्याचा खोडकर कुत्रा, मिरजेची पावभाजी. स्नेहल "हं," म्हणायची, "मग?" म्हणायची, "अगं बाई!" म्हणायची. सुरुवातीला तिला ते फार जड गेलं. मध्ये काही बोलावंसं वाटलं की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. हळूहळू बोट मोकळं राहू लागलं.

परवा फोन स्पीकरवर होता. मिनू म्हणाली, "आई, नळाचं एक गणित अडलंय बघ. एक नळ टाकी भरतोय, दुसरा रिकामी करतोय, आणि दुसरा मधीच बंद होतोय. कसं मांडायचं?"

स्नेहलचे डोळे चमकले. हात पेन्सिल शोधायला टेबलाकडे गेलादेखील. असली गणितं ती झोपेत मांडेल. मग तो हात थांबला, आणि तिनं तो उचलून मांडीवर ठेवला.

"मला काय कळतंय बाई त्यातलं?" ती म्हणाली. "उद्या शाळेत तुझ्या बाईंना विचार."

पलीकडे मिनू अशी काही खदखदून हसली की मागून आत्याचं "काय झालं गं?" ऐकू आलं. इकडे स्नेहलही हसत होती आणि डोळे पुसत होती. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, आज आत्यानं भाजी कसली केली होती.